सॅड हिल: पाच हजार थडगी, 15 युरो आणि श्रेयनामावलीतली माणसे

स्पेनमधल्या बुर्गोस शहरापासून साधारण 60 किलोमीटरवर सांतो दोमिंगो दे सिलोस नावाचे खेडे आहे. तिथून कोंत्रेरास गावाच्या बाजूला कच्च्या रस्त्याने निघाले की मिरांदियाच्या खोऱ्यात एक दफनभूमी लागते. पाच हजारांहून जास्त थडगी, गोलाबाहेर गोल अशी मांडलेली, आणि एकाही थडग्यात माणूस नाही. इटालियन दिग्दर्शक सेर्जिओ लेओनेच्या ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’च्या शेवटच्या प्रसंगासाठी 1966 साली स्पॅनिश लष्कराच्या सुमारे अडीचशे जवानांनी ती उभारली. चित्रपटातले तिचे नाव सॅड हिल, आणि आजही तेच चालते.

युरोपात बनलेल्या वेस्टर्न, म्हणजे अमेरिकी काउबॉय आणि बंदूकबाजांच्या, चित्रपटांतली माणसे आता झपाट्याने कमी होत चालली आहेत. त्यांची आठवण काढायला जाता येईल अशा ज्या जागा आहेत, त्यांत सॅड हिलला आम्ही पहिला नंबर देऊ. इथे तिकीटखिडकी नाही, पिस्तुलांचा खेळ नाही, काउबॉयची टोपी विकणारा ठेला नाही. कलाकार आणि तंत्रज्ञांनी केलेले काम जमिनीतून पुन्हा वर काढून जसेच्या तसे मांडलेले आहे. जागेत उणिवाही आहेत. त्या माहीत असल्या तर फेरी वाया जात नाही.

चित्रीकरण संपले तसे युनिट निघून गेले आणि हा माळ गुरांना मोकळा झाला. क्रूस गेले, मातीचे उंचवटे तेवढे राहिले, त्यांवर गवत आणि झुडपे माजली. मधल्या गोलावर माती साचत गेली. 2015 मध्ये परिसरातल्या चाहत्यांच्या सॅड हिल सांस्कृतिक संघटनेने कुदळ-फावडी घेऊन मधला गोल साफ करायला घेतला. मातीच्या थराखाली 1966 ची दगडी फरसबंदी सापडली. मग शनिवार-रविवारी बाहेरगावचे आणि परदेशातलेही लोक येऊन खणायला लागले. उंचवटे नव्याने रचले, क्रूस रोवले आणि जुलै 2016 मध्ये चित्रपटाला 50 वर्षे झाली तेव्हा त्याच गोलात उघड्यावर पडदा लावून चित्रपट दाखवला. नायक झालेल्या क्लिंट ईस्टवूडने त्या प्रसंगासाठी चित्रित संदेश पाठवला होता. ही सगळी हकीकत गिल्येर्मो दे ओलिवेइराच्या ‘सॅड हिल अनअर्थ्ड’ या 2017 च्या माहितीपटात आहे. जायच्या आधी तो जरूर पाहावा. संगीतकार एन्निओ मोर्रिकोने आणि संकलक एउजेनिओ अलाबिसो त्यात स्वतः बोलले आहेत. मोर्रिकोने 6 जुलै 2020 रोजी गेले, त्यामुळे त्या मुलाखतीचे मोल आता वेगळेच आहे.

आता मुख्य सेवेकडे येऊ. जीर्णोद्धारासाठी पैसे उभे करताना संघटनेने एक थडगे दत्तक घेण्याची सोय काढली. 15 युरो द्यायचे आणि एका क्रूसावर हवे ते नाव लिहून घ्यायचे. पैसा कुठे गेला ते डोळ्यांना दिसते: लाकूड, रंग आणि मातीचा उंचवटा. हौसेच्या खर्चात इतका चोख हिशेब क्वचित मिळतो. दर आणि पद्धत बदलू शकते, म्हणून पैसे पाठवण्यापूर्वी संघटनेकडून खात्री करून घ्या.

आमची तक्रार सेवेबद्दल नाही, नावांबद्दल आहे. बहुतेक क्रूसांवर देणगीदारांची नावे आहेत. लोक लांबून येतात, स्वतःच्या नावाच्या क्रूसाशेजारी उभे राहून फोटो काढतात. ती हौस समजते. पण ज्यांच्या हातांनी ही जागा झाली, त्यांतले कितीतरी जण खरोखरच मरून गेले आहेत, आणि चित्रपटाच्या श्रेयनामावलीत डोळ्यांपुढून सरकण्यापलीकडे त्यांची नावे कुणाच्या तोंडी नाहीत. 15 युरो द्यायचेच असतील तर त्यांच्यापैकी एकाचे नाव द्यावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. त्यासाठीची नावे पुढे देतो.

त्याआधी क्रूसाविषयी. लाकूड मातीत जिथे शिरते तिथेच आधी कुजते, कारण तिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. वरचा भाग ठणठणीत दिसतो आणि एक दिवस क्रूस बुडातून मोडतो. बुर्गोसचा हिवाळा कडक. गोठलेली जमीन फुगते, वितळताना बसते, आणि रोवलेले लाकूड सैल होते. उन्हाने अक्षरे उडतात. म्हणजे इथले नाव कायमचे नसते, काही वर्षांनी पुन्हा रंगवावे लागते. नाव लिहून घेतले असेल तर जागाही टिपून ठेवा. इथे सरळ ओळी नाहीत, गोल आहेत, आणि पाच हजार सारख्याच थडग्यांत आपले शोधताना माणूस गरगरतो. मधल्या गोलापासून कितवे वर्तुळ आणि आर्च स्टॅन्टनच्या थडग्यापासून डावीकडे की उजवीकडे, एवढे टिपले तरी पुरे. आर्च स्टॅन्टनचे थडगे म्हणजे चित्रपटात सोने पुरल्याचे सांगितले जाते ते. खरे सोने, दोन लाख डॉलर, निघते शेजारच्या बिननावाच्या थडग्यात.

मधला गोल म्हणजे आपल्याकडचे खळेच, फक्त मधोमध तिवडा नाही. लेओने आणि कला दिग्दर्शक कार्लो सिमी यांना रोमन आखाड्यासारखी जागा हवी होती: मध्ये झुंज आणि सभोवार प्रेक्षक म्हणून मेलेली माणसे. ही मांडणी कागदावर कितीही वाचली तरी कळत नाही, तिथे उभे राहिल्यावर कळते. गोलाच्या मध्यावर थांबा आणि नजर थडग्यांवर ठेवून जागच्या जागी हळूहळू फिरा. सोन्याच्या मागे लागलेल्या तीन बंदूकबाजांपैकी टुको (इलाय वॉलाख) थडग्यांमधून धावत सुटतो तो प्रसंग छायालेखक तोनिनो देल्ली कोल्ली यांनी या मांडणीचाच फायदा घेऊन टिपला आहे. गोल आहे म्हणून धावणारा माणूस कॅमेऱ्यापासून फार दूर जात नाही. कॅमेरा वळत राहतो, मागचे क्रूस ओघळून रेघा होतात आणि चेहरा तेवढा धरून ठेवलेला राहतो. चौकोनी दफनभूमीत हा प्रसंग असा जमलाच नसता.

चित्रपट टेक्निस्कोप पद्धतीने घेतलेला आहे. नेहमीच्या 35 मिमी फिल्मवर एका चौकटीला कडेच्या चार छिद्रांची लांबी लागते, इथे दोनच. फिल्म निम्मी लागते आणि रुंद पडद्याची चौकट साध्या भिंगातून मिळते. कमी पैशात काम करणाऱ्या इटालियन निर्मात्यांना ही पद्धत म्हणूनच परवडली. डोळ्यांचे ते अतिजवळचे शॉट आणि त्यांच्या मागे लांबच लांब माळ, या दोन्ही गोष्टी त्याच भिंगांमुळे सहज जमल्या. देल्ली कोल्ली 2005 मध्ये गेले, सिमी 2000 मध्ये.

टुकोच्या धावण्यात सुरुवातीला एक कुत्रा अचानक आडवा पळतो आणि इलाय वॉलाख दचकतो. ते दचकणे खरे आहे. कुत्रा सोडणार हे लेओनेने त्याला सांगितलेच नव्हते. याच चित्रपटाच्या वेळी वॉलाख चुकून ॲसिडच्या बाटलीतून प्यायला, आणि रेल्वेच्या प्रसंगात रुळाशेजारी पडून असताना डब्याची लोखंडी पायरी त्याच्या डोक्यावरून थोडक्यात गेली. इतके होऊनही तो 98 वर्षे जगला आणि जून 2014 मध्ये गेला. त्याच्या 2005 च्या आत्मचरित्रात हे किस्से आहेत. खलनायक झालेला ली व्हॅन क्लीफ आणि लेओने दोघेही 1989 मध्येच गेले: एप्रिलच्या शेवटी दिग्दर्शक, डिसेंबरच्या मध्यावर नट.

पोहोचण्याचे सांगायचे तर मुंबईहून माद्रिद, माद्रिदहून बुर्गोस साधारण 240 किलोमीटर. शेंगेन व्हिसा लागतो. गाडी भाड्याने घेतल्याशिवाय ही फेरी नीट होत नाही, तेव्हा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना भारतातूनच काढून न्या. मुक्काम सिलोसमध्ये करावा. तिथल्या मठातले ग्रेगोरियन गायन, म्हणजे चर्चचे लॅटिन प्रार्थनागायन, जगप्रसिद्ध आहे, आणि संध्याकाळची प्रार्थना ऐकून दुसऱ्या सकाळी सॅड हिल गाठणे हा क्रम उत्तम. शेवटचा टप्पा कच्चा आहे. पावसानंतर चिखल होतो आणि भाड्याच्या लहान गाडीचे बूड घासते, म्हणून गाडी गावात ठेवून चालत जाणे बरे. दोन्ही गावांकडून अंतर पायी जाण्याजोगे आहे. पाणी आणि खाणे गावातूनच बांधून न्यावे, सावलीच्या भरवशावर राहू नये. जुलै-ऑगस्टमध्ये वणव्याचा धोका असतो. जुलै 2022 मधल्या वणव्यात सिलोस गाव रिकामे करावे लागले होते. मे-जून किंवा सप्टेंबर हे महिने सोयीचे.

सॅड हिलपुरतेच जाऊन परत फिरू नका. आसपासच्या तीन जागा मिळून एक छान आठवणफेरी होते, आणि प्रत्येक जागेला एकेक दिवंगत नट जोडलेला आहे.

कारासो गावाजवळच्या माळावर बेटरव्हिलचा युद्धकैद्यांचा तळ उभारला होता. तिथे टुकोला बदडणारा धिप्पाड कॉर्पोरल वॉलेस म्हणजे मारिओ ब्रेगा. लेओनेच्या डॉलर मालिकेतल्या तिन्ही चित्रपटांत (‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’, ‘फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर’ आणि हा) तो आहे आणि तिन्हींत मार देतो किंवा खातो. 1994 मध्ये गेला. त्या प्रसंगात बाहेर कैद्यांचा वाद्यवृंद वाजत राहतो, आतला आक्रोश झाकण्यासाठी. माळावर उभे राहून ती चाल कानाला लावून ऐकली तर प्रसंगाचा काटा पुन्हा अंगावर येतो.

सान पेद्रो दे आर्लान्सा हा जुन्या बेनेडिक्टाइन मठाचा पडका वाडा. चित्रपटातल्या ख्रिस्ती मिशनच्या रुग्णालयातले आतले प्रसंग इथले. टुकोचा धर्मगुरू भाऊ पाब्लो रामिरेस झालेला लुईजी पिस्तिल्ली 1996 मध्ये गेला. दोन भावांची ती भेट चित्रपटातला सर्वांत हळवा भाग आहे, आणि पिस्तिल्लीने ती कमीत कमी हालचालीत पेलली आहे. त्याच मिशनचा बाहेरचा भाग मात्र शेकडो किलोमीटर दक्षिणेला अल्मेरियात घेतलेला आहे. एकच दार, आत उत्तर स्पेन आणि बाहेर दक्षिण स्पेन.

तिसरी जागा आर्लान्सा नदीकाठची, जिथला पूल उडवला. लष्कराने बांधलेला पूल गैरसमजामुळे कॅमेरे सुरू होण्याआधीच उडाला आणि त्याच लष्कराने तो पुन्हा बांधून दिला. पूल पडल्याचा आवाज ऐकायची वाट पाहत स्ट्रेचरवर पडलेला दारुडा कॅप्टन म्हणजे आल्दो जुफ्रे, मूळचा नेपल्सचा विनोदी नट. 2010 मध्ये गेला. इथे पाहायला नदी आणि झाडेच आहेत. दहा मिनिटे पुरतात.

अल्मेरियाविषयी थोडक्यात, कारण पर्यटकांची मुख्य गर्दी तिकडेच असते. ताबेर्नासच्या वाळवंटी भागात तिकीट काढून पाहण्याचे तीन सेट आहेत: ओआसिस मिनी हॉलिवूड, फोर्ट ब्राव्हो आणि वेस्टर्न लेओने. मिनी हॉलिवूड म्हणजे ‘फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर’साठी कार्लो सिमीने उभारलेले एल पासो गाव. आता त्याला प्राणिसंग्रहालय आणि पोहण्याचे तलाव जोडलेले आहेत, त्यामुळे लेकराबाळांना घेऊन जाणाऱ्यांना सोयीचे, पण सेटकडे शांतपणे पाहणे अवघड. फोर्ट ब्राव्होत स्टंटचे खेळ रंगतात. लेओनेच्या 1968 च्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’मधले मॅकबेनचे घर वेस्टर्न लेओनेत आहे, आणि वेळ एकाच जागेपुरता असेल तर तिथे जा. त्या घराच्या अंगणातले कुटुंबाचे हत्याकांड पाहिलेल्याला ‘शोले’मधली ठाकूरची हवेली आठवल्यावाचून राहत नाही. रामनगरच्या खडकांत रामगढ उरले नाही, इथे घर उभे आहे.

पण अल्मेरियात आमच्या पसंतीची जागा बिनतिकिटाची आहे. नीहार तालुक्यातले लोस अल्बारिकोकेस हे खेडे ‘फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर’मधले आग्वा कालिएन्ते. शेवटची झुंज गावाबाहेरच्या गोल दगडी खळ्यात होते, आणि ते खरोखरच धान्य मळायचे खळे होते. गावातल्या काही गल्ल्यांना चित्रपटातल्या माणसांची नावे दिलेली आहेत. खळ्यात खिशातल्या घड्याळाचे संगीत संपायची वाट पाहत उभा असलेला खलनायक इंदिओ म्हणजे जान मारिया व्होलोन्ते, इटलीच्या मोठ्या नटांपैकी एक. डिसेंबर 1994 मध्ये ग्रीसमध्ये दुसऱ्या एका चित्रपटाचे काम चालू असतानाच तो गेला.

आता नावांकडे. क्रूसावर नाव द्यायचे तर पहिली अडचण इथेच येते, कारण या चित्रपटांच्या जुन्या प्रतींवर निम्मी नावे खोटी आहेत. इटालियन वेस्टर्न लोक पाहणार नाहीत या धास्तीने निर्मात्यांनी सगळ्यांना अमेरिकन नावे चढवली. ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’च्या सुरुवातीच्या प्रतींवर लेओने ‘बॉब रॉबर्टसन’ आहे, मोर्रिकोने ‘डॅन सॅव्हिओ’, छायालेखक मास्सिमो दाल्लामानो ‘जॅक डाल्मस’, व्होलोन्ते ‘जॉन वेल्स’. नट जुलियानो जेम्मा पुष्कळ पोस्टरांवर ‘माँटगोमेरी वुड’ म्हणून आहे. तो 2013 मध्ये मोटार अपघातात गेला. ट्रिनिटी या विनोदी वेस्टर्न मालिकेचा दिग्दर्शक ई. बी. क्लचर म्हणजे एन्झो बार्बोनी. त्याच मालिकेतला नट बड स्पेन्सर म्हणजे नेपल्सचा कार्लो पेदेरसोली, इटलीचा ऑलिम्पिक जलतरणपटू. जून 2016 मध्ये गेला. टोपणनावावरून शोधायला गेले तर हाती काही लागत नाही, किंवा एकच माणूस दोन माणसे समजून मोजला जातो. नियम सोपा ठेवा: आधी खरे नाव, मग टोपणनाव, मग काम, मग जन्म-मृत्यूची साले, आणि ती किमान दोन ठिकाणी पडताळलेली. बड स्पेन्सरसारखा ज्याने टोपणनावच आयुष्यभर वागवले, त्याच्यासाठी मात्र तेच वर लिहावे. नाव रोमन लिपीत, मूळ वर्णलेखनाप्रमाणे कळवा. इटालियन नावांत दुहेरी अक्षरे गळतात आणि स्पॅनिश नावांवरची चिन्हे सुटतात, म्हणून छापील अक्षरांत लिहून द्यावे.

सर्वांत जास्त विसरले जातात ते आवाज. हे चित्रपट चित्रीकरणावेळी आवाज न घेता होत. सेटवर कुणी इंग्रजी बोले, कुणी इटालियन, कुणी स्पॅनिश, आणि नंतर स्टुडिओत सगळ्यांना आवाज दिले जात. इटालियन प्रेक्षकाला ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’तला ईस्टवूड आठवतो तो एन्रिको मारिया सालेर्नोच्या आवाजात, व्हॅन क्लीफ एमिलिओ चिगोलीच्या आणि वॉलाख कार्लो रोमानोच्या आवाजात. तिघेही आज नाहीत. डिस्क विकत घेताना मूळ इटालियन ध्वनिपट आहे का ते पाहून घ्या. इंग्रजी ध्वनिपटात हे तिघे ऐकूच येत नाहीत. तसाच शीळ वाजवणारा आलेस्सान्द्रो आलेस्सान्द्रोनी. मोर्रिकोनेच्या पहिल्या वेस्टर्न चित्रपटांतली ती शीळ त्याची, गिटारही त्याची आणि मागचा गायकवृंदही. 2017 मध्ये गेला. मोर्रिकोनेचे नाव सगळ्यांना ठाऊक आहे, चाल गुणगुणताना प्रत्येक जण नक्कल मात्र आलेस्सान्द्रोनीची करतो.

एकच नाव निवडायचे झाले तर आम्ही अल मुलॉक सुचवू. ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ सुरू होतो तो त्याच्या चेहऱ्याने: रिकाम्या माळावर अचानक पडदा भरून एक रापलेला, खरबरीत चेहरा पुढे येतो, तो हा. पुढे तोच एका हाताने अधू होऊन परततो आणि आंघोळीच्या टबात बसलेल्या टुकोपुढे लांबलचक भाषण करताना गोळी खातो. ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’च्या सुरुवातीला स्टेशनवर गाडीची वाट पाहणाऱ्या तिघांपैकी बोटे कडाकडा मोडणाराही तोच. जन्म 1926, टोरांटो. मे 1968 मध्ये त्याच चित्रपटाचे काम चालू असताना त्याने ग्वादिक्समध्ये हॉटेलच्या खिडकीतून उडी घेऊन आयुष्य संपवले. अंगावर त्या वेळी चित्रपटातलाच पोशाख होता. ते स्टेशन ज्या ला कालाओर्राजवळ उभारले होते, ते गाव ग्वादिक्स ते अल्मेरिया रस्त्यालगतच आहे. दक्षिणेची फेरी करणाऱ्याने तिथे गाडी थांबवावी. उत्तरेला जाणाऱ्याने सॅड हिलच्या क्रूसावर त्याचे नाव आणि खाली दोन साले लिहून घ्यावीत, 1926 आणि 1968.